वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली

'वाइन शॉप' अशी पाटी असलेल्या दुकानात सगळ्यात कमी काय मिळत असेल, तर ती वाइन. सांगलीत बघा, साताऱ्यात बघा, वाटेत कराडला उतरून बघा. रम, व्हिस्की आणि बिअर यांनी भिंती भरलेल्या असतात. वाइनच्या चार-सहा बाटल्या वरच्या फळीवर उभ्या, अंगावर धूळ आणि दुपारचं ऊन नेमकं त्यांच्यावर. मी पहिल्यांदा अशा दुकानात गेलो तेव्हा शाळेत रसायनशास्त्र शिकवून नुकताच निवृत्त झालो होतो. दुकानदार माझाच विद्यार्थी निघाला. त्यानं काही न विचारता बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली, काळ्या पिशवीत घातली आणि हळूच म्हणाला, "सर, फोन केला असता तर घरी पोचवली असती की."

त्याचा हेतू चांगला होता. मास्तरांची अब्रू झाकावी, एवढंच त्याला वाटलं. आज आम्ही मित्रमंडळीही बाटल्या वर्तमानपत्रातच गुंडाळतो, पण कारण निराळं आहे. २०१४ पासून आम्ही चौघं दर दोन महिन्यांनी एकत्र बसतो. साताऱ्याचे निवृत्त डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी, मिरजेचे एक बँक अधिकारी आणि मी. एकदा सांगली, एकदा सातारा. यजमानानं तीन बाटल्या आणायच्या, लेबल दिसणार नाही अशा गुंडाळायच्या आणि वर एक, दोन, तीन असे आकडे घालायचे. नाव आणि किंमत दिसली की माणूस जिभेचं ऐकत नाही, खिशाचं ऐकतो. हा अनुभव आम्हाला पहिल्याच बैठकीत आला. सर्वांनी ज्या बाटलीला नाकं मुरडली, तीच सगळ्यात महागाची निघाली.

डॉक्टरांनी सुरुवातीलाच दोन अटी घातल्या. प्रत्येकाकडे पिण्याचा परवाना हवा. आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे तो लागतो, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. आणि गाडी चालवत कोणी यायचं नाही. म्हणून आम्ही कोयना एक्स्प्रेसनं जातो. साताऱ्याचं स्टेशन गावापासून लांब, माहुलीला, तिथून रिक्षा. डॉक्टर हेही दर वेळी ऐकवतात, की लाल वाइन हृदयाला चांगली वगैरे सांगून कोणाला पाजू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली स्पष्टच सांगितलंय, की मद्याचं कोणतंही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही. तेव्हा जो पीत नाही त्यानं हे ऐकून सुरू करावं, असं माझं मुळीच म्हणणं नाही.

मग हा उद्योग कशासाठी? त्यासाठी रेल्वेच्या खिडकीतून बाहेर बघावं लागेल. सांगली सोडली की थोड्या वेळात किर्लोस्करवाडी येते. शेजारी पलूस. २००१ साली महाराष्ट्र सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण जाहीर केलं, तेव्हा दोन वाइन पार्क ठरले. एक नाशिक जिल्ह्यात विंचूरला, दुसरं आमच्या पलूसला. नाशिकचं नाव पुढे जगभर गेलं. पलूसचं नाव घेतलं तर आमच्याच जिल्ह्यातले लोक "असं काही होतं का?" म्हणून विचारतात. तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ हा सगळा द्राक्षाचा मुलूख. तासगावचा बेदाणा देशभर जातो. द्राक्षातलं आम्हाला कळत नाही, असं कोणी म्हणणार नाही. तरी वाइन इथे रुजली नाही. का, ते मला आमच्या घरातच बघायला मिळालं.

माझ्या थोरल्या बंधूंनी, दादांनी, २००५ साली दोन एकरांत शिराझ लावली. शिराझ ही लाल वाइनची जात. एका वाइनरीनं किलोमागे ठरलेल्या भावाचा करार केला होता. बाजार नाही, दलाल नाही, पेटी भरण्याची कटकट नाही. दादा खूश होते. पण ही द्राक्षं आपल्या ओळखीची नव्हेत. खायच्या द्राक्षाचा मणी मोठा करायचा म्हणून आपण घड विरळतो, जीएच्या द्रावणात बुडवतो, पाणी देतो. मोठा मणी, पातळ साल, बी नाही, हे खाण्याचं द्राक्ष. वाइनला नेमकं उलटं लागतं. मणी बारीक, साल जाड, आत बिया, आणि वेलीवर माल कमी. कारण वाइनचा रंग, वास आणि तुरटपणा मुख्यतः सालीतून येतो. मणी जितका लहान, तितकं रसाच्या मानानं सालीचं प्रमाण जास्त. काळ्या द्राक्षाचा रससुद्धा बहुतेक वेळा पांढुरकाच असतो, हे घरी मणी चिरडून पाहा. सालीसकट आंबवला तर लाल वाइन, साल लगेच वेगळी केली तर फिकट.

पहिली दोन वर्षं माल गेला. २००८ च्या अखेरीस जगभर मंदी आली, त्याच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि वाइनचा खप बसला. राज्यातल्या बऱ्याच वाइनऱ्यांची टाकी आधीच भरलेली होती. २००९ ला दादांचे पैसे अडकले. २०१० ला वाइनरीनं माल उचललाच नाही. फेब्रुवारीचं ऊन, घड पिकून काळेभोर झालेले आणि फोन कोणी उचलेना. खायचं द्राक्ष असतं तर मिळेल त्या भावानं विकलं असतं, नाहीतर शेडवर टाकून बेदाणा केला असता. बियांचा बेदाणा कोण घेणार? दादांनी चार क्रेट टेम्पोत घालून बाजारात नेले. व्यापाऱ्यानं एक मणी तोंडात टाकला, बी थुंकली आणि विचारलं, "काका, ही द्राक्षं हाय का करवंदं?" त्या मे महिन्यात बाग काढली. राज्यात अशा कितीतरी बागा त्या दोन-तीन वर्षांत निघाल्या.

पहिल्या तोडणीच्या वाइनची एक बाटली वाइनरीनं दादांना भेट दिली होती. घरात माळकरी वडील. त्यामुळे ती बाटली स्वयंपाकघराशेजारच्या फडताळात तुपाच्या बरणीमागे उभी राहिली. आमच्या घरात दारूचं नाव काढायची सोय नव्हती. गंमत अशी, की त्याच फडताळात द्राक्षासवाची बाटली कायम असायची. बाळंतिणीला आणि आजारातून उठलेल्याला वैद्य तीच देत. मनुका, गूळ किंवा साखर आणि धायटीची फुलं घालून आंबवलेलं ते आसव. आपोआप तयार झालेल्या मद्यार्काचं प्रमाण बाटलीवर छापलेलं असतं. रसायनशास्त्राच्या दृष्टीनं काम तेच. यीस्ट नावाचा सूक्ष्मजीव साखर खातो, मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. आमचे शेतकरी ज्याला 'शुगर' म्हणतात, ती तेवीस-चोवीस आली की त्या रसाची साधारण तेरा टक्के मद्यार्काची वाइन होते. आपल्याकडच्या व्हिस्कीत हेच प्रमाण ४२.८ टक्के असतं, कारण ती ऊर्ध्वपातन करून काढतात. वाइन म्हणजे दारू की नाही, यावर २०२२ च्या जानेवारीत, सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय झाला तेव्हा राज्यभर रान उठलं होतं. तो निर्णय पुढे अमलात आला नाही. मला विचाराल तर ती मद्य आहेच, पण सगळ्या मद्यांना एकाच काळ्या पिशवीत घालायचं कारण नाही.

दादांची ती बाटली आम्ही २०१४ च्या पहिल्या बैठकीत उघडली. दादा स्वतः आले नाहीत, "तुमीच बघा" म्हणाले. बूच काढताक्षणी खोलीभर व्हिनेगरचा वास. सात उन्हाळे चुलीशेजारी उभी राहिलेली बाटली दुसरं काय देणार? बाटली उभी ठेवली की बूच आतून वाळतं, आक्रसतं आणि हवा आत जाते. हवेतले जिवाणू मद्यार्काचं आम्ल करतात. म्हणून बुचाची बाटली आडवी ठेवायची. फिरकीच्या झाकणाची उभी चालते, आणि फिरकीचं झाकण म्हणजे हलका माल, हा गैरसमज आहे. 'जितकी जुनी तितकी चांगली' हाही. आपल्याकडच्या बहुतेक वाइन दोन-तीन वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच केलेल्या असतात. लेबलवर द्राक्षतोडणीचं वर्ष असतं. पांढरी घेताना शक्य तितकं अलीकडचं वर्ष बघा, आणि उन्हात ठेवलेली बाटली दुकानदारानं सवलतीत दिली तरी घेऊ नका.

लाल वाइन 'खोलीच्या तपमानाला' प्यावी असं पुस्तकात लिहिलेलं असतं. ती खोली युरोपातली. तासगावात एप्रिलमध्ये त्या तपमानाला वाइन गरम काढ्यासारखी लागते. तेव्हा लाल बाटलीही अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावी, पांढरी तीन तास. आणि काचेचा ग्लास घ्यावा. पहिल्या बैठकीला मी स्टीलचे पेले मांडले होते. डॉक्टरांच्या पत्नींनी ते निमूटपणे उचलून परत मांडणीवर ठेवले.

आता आवडीनिवडी. आमच्यात एकमत क्वचित होतं, पण एका गोष्टीवर झालं आहे. आपल्या जेवणाबरोबर भारी लाल वाइन जात नाही. तांबड्या रश्श्यावर तुरट लाल वाइन प्यायलात, की रस्सा दुप्पट झोंबतो आणि वाइन कडू लागते. त्यापेक्षा किंचित गोडसर, थंड शेनिन ब्लाँ बरी. सुला कंपनीनं २००० साली नाशिकहून पहिल्यांदा ज्या वाइन आणल्या, त्यात ती होती. आमच्या चौघांच्या गुंडाळलेल्या बाटल्यांत ती तीनदा पहिली आली आहे. नुसत्या सांगलीच्या भडंगाबरोबरसुद्धा छान लागते. बँकवाल्या मित्रांची आवड वेगळी. ते बंगळूरजवळच्या नंदी टेकड्यांतल्या ग्रोव्हरच्या 'ला रिझर्व्ह'चे भक्त आहेत. ती काबर्ने आणि शिराझ यांची मिश्र वाइन. मला ती जेवणाआधी, शेंगदाण्यांबरोबर आवडते. आणि शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्लीच्या बागांत इटलीची सांजिओवेझे ही जात रुजली आहे. तिची वाइन आंबटसर आहे, टोमॅटोच्या भाजीशी जमते. अकलूजची बाटली उघडली की मला दर वेळी वाटतं, हे पलूसला का झालं नाही? तिथे द्राक्षं लावणारा आणि वाइन करणारा एकाच घरातला होता, हे एक कारण असावं. माल नाकारायला समोर दुसरं कोणी नव्हतं.

साताऱ्याचा अभिमान म्हणून डॉक्टर एकदा स्ट्रॉबेरीची वाइन घेऊन आले. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालंय. पण फळात साखर कमी, त्यामुळे आंबवताना वरून साखर घालावी लागते, आणि तो सुंदर वास निम्मा उडून जातो. आम्ही कोणी बोललो नाही. डॉक्टरांनीच बाटली बाजूला सारली.

गेल्या हिवाळ्यात बैठक सांगलीत माझ्याकडे होती. दादा दवाखान्याच्या कामानं आले होते आणि शेवटची बस चुकली. आम्ही बसलो होतो, ते दारात घुटमळले. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. डॉक्टर म्हणाले, "दादा, नुसता वास घ्या." दादांनी दोन नंबरचा ग्लास घेतला, वास घेतला, एक घोट तोंडात घोळवला. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "ही लवकर तोडलीया. शुगर आली असंल, पर बी हिरवी हुती."

मी कागद सोडला. नाशिककडची शिराझ. बी पिकून तपकिरी झाली नसेल तर वाइनमध्ये एक कच्चा तुरटपणा उतरतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. दादांनी ते दोन एकरांत पाच वर्षं दाताखाली चावून पाहिलं होतं. बँकवाले मित्र वहीत लिहून घेऊ लागले. दादांनी तीन नंबरचा ग्लास पुढे ओढला आणि दुसऱ्या हातानं बाटलीवरून सोडलेला वर्तमानपत्राचा कागद मांडीवर सरळ केला. त्यात बेदाण्याचे दर छापलेले होते. ते वाचत बसले.