बाक्यांची उतरंड

एक्सेलमधल्या ‘डेक-टू-बिन’ फंक्शनला ५११ दिले, तर ते नऊ एके मांडून देते. ५१२ दिले की सेलमध्ये एरर येते. या फंक्शनजवळ दहाच घरे आहेत आणि त्यातले पहिले घर धन-ऋण चिन्हासाठी राखलेले आहे. २०१३च्या आवृत्तीत ‘बेस’ हे फंक्शन आले. ते २ ते ३६पर्यंतच्या कोणत्याही पायात संख्या लिहून देते आणि ‘डेसिमल’ ती परत दशमानात आणते. रोजचे काम एवढ्यावर भागते. तरीही हे फंक्शन प्रत्येकाने एकदा स्वतः लिहावे, असा माझा आग्रह आहे.

मी ते ‘लॅम्डा’ने लिहितो. नेम मॅनेजरमध्ये सूत्राला नाव दिले की ते त्या नावाने स्वतःलाच पुन्हा बोलावू शकते. रीत शाळेतल्या भागाकाराचीच. संख्येला पायाने भागायचे, बाकी हा उजवीकडचा अंक धरायचा आणि भागाकार पुन्हा त्याच सूत्राकडे सोपवायचा. संख्या पायाहून लहान झाली की थांबायचे. थांबण्याची ही अट सूत्रात सर्वांत आधी लिहावी.

सूत्राआधी मी पायऱ्या एकाखाली एक मांडतो. ४८५ला १६ने भागले: भागाकार ३०, बाकी ५. ३०ला भागले: भागाकार १, बाकी १४, म्हणजे ‘ई’. उरला १. खालून वर वाचले की षोडशमानातले उत्तर मिळते: १ई५. हेच उत्तर साध्या सेलमध्ये टाइप केले, तर एक्सेल ते एकावर पाच शून्ये, म्हणजे एक लाख, असे वाचते. म्हणून अशा कोडचा स्तंभ आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवावा.

खरी परीक्षा मात्र शीटच्या माथ्यावरच असते. स्तंभांची नावे ए ते झेड, मग एए अशी चालतात. अक्षरे २६ आहेत, पण त्यांत शून्य नाही, त्यामुळे ‘बेस’ इथे कामाचे नाही. २६व्या स्तंभाला २६ने भागले तर बाकी शून्य येते आणि शून्यासाठी अक्षरच नसते. उपाय असा, की दर वेळी भागण्यापूर्वी एक वजा करायचा आणि बाकी शून्य आली तर ‘ए’, एक आली तर ‘बी’ असे मोजायचे. शेवटचा स्तंभ १६,३८४वा. १६,३८३ची बाकी ३, म्हणजे डी, भागाकार ६३०. ६२९ची बाकी ५, म्हणजे एफ, भागाकार २४. उरलेल्या २३चा एक्स. नाव जुळले: एक्सएफडी.

स्थानिक किमतीत शून्य किती भार उचलते, ते या एका वजाबाकीत दिसते. संख्यापद्धती शिकवणाऱ्या शिक्षकांनी मुलांना तयार फंक्शन देण्याआधी हा स्तंभांचा प्रश्न द्यावा.