सतरा रुपये सत्तर पैसे

पासबुकातल्या बारीक अक्षरांच्या रांगेत १७.७० असा आकडा दिसला, तर त्यासाठी बँकेत जाऊन कोण भांडेल? १५ रुपये शुल्क आणि त्यावर १८ टक्क्यांप्रमाणे २ रुपये ७० पैसे जीएसटी. एवढ्या पैशात मुंबईत रिक्षाचे किमान भाडेही होत नाही. शाखेत जायचे, रांगेत उभे राहायचे, एक दिवसाची मजुरी बुडवायची आणि परत काय मिळवायचे, तर सतरा रुपये. हा हिशेब खातेदार मनातल्या मनात करतो आणि पासबुक मिटून ठेवतो. बँकांच्या अनेक शुल्कांचे उत्पन्न याच मिटलेल्या पासबुकांवर उभे आहे.

हे १७ रुपये ७० पैसे कुणाच्या खात्यातून गेले, ते पाहू. ज्यांच्याकडे किमान शिल्लक ठेवण्याइतके पैसे नसतात, त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये ‘मूलभूत बचत ठेव खाते’ सुरू करायला लावले. जनधन खाती याच प्रकारात मोडतात. या खात्याला किमान शिल्लकीची अट नाही आणि महिन्याला चार वेळा पैसे काढणे विनामूल्य. स्टेट बँक मात्र चारनंतरच्या प्रत्येक वजावटीला १७.७० रुपये आकारत होती. ‘वजावट’ या शब्दात एटीएममधून काढलेली रोकड जशी आली, तसे यूपीआय किंवा रुपे कार्डाने दिलेले पैसेही आले. नोटाबंदीनंतर सारा देश डिजिटल व्यवहाराचे धडे गिरवत असताना, पाचव्यांदा मोबाइलवरून शंभर रुपयांचा किराणा घेणाऱ्या जनधन खातेदाराला तो ११७ रुपये ७० पैशांना पडत होता.

ही गोष्ट चव्हाट्यावर आणली पवईच्या आयआयटी मुंबईतील संख्याशास्त्राचे प्राध्यापक आशिष दास यांनी. असे शुल्क घेणे रिझर्व्ह बँकेच्या सूचनांशी विसंगत आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ३० ऑगस्ट २०२० रोजी परिपत्रक काढून बँकांना सांगितले की, १ जानेवारी २०२० पासून यूपीआय, रुपे यांसारख्या विहित माध्यमांवर घेतलेले शुल्क परत करा. दास यांच्या नोव्हेंबर २०२१ मधील अहवालानुसार एप्रिल २०१७ ते सप्टेंबर २०२० या काळात किमान १४ कोटी डिजिटल व्यवहारांवर २५४ कोटींहून अधिक रुपये घेतले गेले. त्यांपैकी सुमारे ९० कोटी परत आले, १६४ कोटी बँकेकडेच राहिले. आपण नियमांनुसारच वागलो, अशी बँकेची भूमिका होती.

९० कोटीच का परत आले? कारण परतफेडीचा आदेश १ जानेवारी २०२० पासूनच्या शुल्कापुरता होता. त्याआधीही शुल्क तेवढेच होते आणि खातेदारही तेच होते, पण पैसे परत करा असे सांगणारे कोणी नव्हते. शुल्क अन्यायाचे आहे एवढे म्हणून पैसे परत मिळत नाहीत, अमुक तारखेचा अमुक नियम मोडला असे दाखवता आले तर मिळतात.

इंग्लंडमधल्या ग्राहकांनी हा धडा फार मोठ्या प्रमाणावर घेतला. खात्यात शिल्लक नसताना पैसे वळते झाले की तिथल्या बँका जबर शुल्क लावत. २००६-०७ च्या सुमारास हजारो ग्राहकांनी बँकांना पत्रे लिहिली, छोट्या दाव्यांच्या न्यायालयात अर्ज केले आणि बँकांनी अनेकांचे पैसे मुकाट्याने परत केले. पुढे सात बँका आणि एका गृहवित्त संस्थेविरुद्ध कसोटीचा खटला उभा राहिला. २५ नोव्हेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : हे शुल्क म्हणजे बँकसेवेच्या किमतीचाच भाग आहे, म्हणून रक्कम जास्त आहे या मुद्द्यावर ते ‘अन्याय्य’ ठरवता येणार नाही. परतफेडीची लाट तिथे ओसरली. शेवटी २०२० मध्ये नियामकानेच नियम बदलून अशा ठरावीक दंडशुल्कांना आळा घातला.

आता आपल्याकडच्या सर्वांत परिचित शुल्काकडे, म्हणजे किमान शिल्लक न ठेवल्याच्या दंडाकडे वळू. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यसभेत तत्कालीन अर्थराज्यमंत्री भागवत कराड यांनी दिलेल्या उत्तरानुसार, सार्वजनिक क्षेत्रातील बँका आणि पाच मोठ्या खासगी बँकांनी २०१८ पासून या दंडापोटी २१ हजार कोटींहून अधिक रुपये गोळा केले. खाती सांभाळायला खर्च येतो, हे बँकांचे म्हणणे खोटे नाही. पण या दंडाचा भार पडतो तो महिनाअखेर ज्याच्या हाताशी पैसे उरत नाहीत त्याच्यावरच.

या दंडावर रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकाने काही बंधने घातली, ती १ एप्रिल २०१५ पासून लागू आहेत. शिल्लक कमी झाली की बँकेने आधी एसएमएस, ई-मेल किंवा पत्राने कळवले पाहिजे. शिल्लक पूर्ववत करण्यासाठी निदान एक महिना दिला पाहिजे. दंड तुटीच्या प्रमाणात हवा, सरसकट नको. आणि केवळ दंडामुळे खाते उणे होता कामा नये. वापरात नसलेल्या खात्याला हा दंड लावता येत नाही, हे त्याच वर्षी मे महिन्यात वेगळे सांगितले गेले होते.

यातली आकडेमोड खातेदाराला स्वतः करता येते. सरासरी मासिक शिल्लक म्हणजे रोजच्या अखेरच्या शिल्लकेची बेरीज भागिले महिन्याचे दिवस. ३० दिवसांपैकी १५ दिवस खात्यात १०,००० रुपये आणि १५ दिवस शून्य असेल, तर सरासरी ५,००० भरते. अट ५,००० ची असेल तर दंड लागूच होत नाही. समजा सरासरी ४,००० आली आणि बँकेचा दर तुटीच्या सहा टक्के आहे. मग तूट १,००० रुपये, दंड ६० रुपये आणि जीएसटीसह ७० रुपये ८० पैसे. पासबुकात याहून मोठा आकडा असेल, तर तो कुठून आला हे विचारायलाच हवे.

ते लेखी विचारावे. शाखाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करून तीन प्रश्न मांडावेत : हे शुल्क कोणत्या नियमाखाली कापले? पूर्वसूचना कोणत्या तारखेला, कोणत्या मार्गाने दिली? आकारणी कशी केली? पासबुकातील नोंदींची प्रत जोडावी, नेमकी रक्कम परत मागावी आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्यावी. ही पोच जपून ठेवावी, कारण पुढची सारी मुदत तिच्यापासून मोजली जाते.

बँकेने अर्ज फेटाळला, उत्तराने समाधान झाले नाही किंवा ३० दिवसांत उत्तरच आले नाही, तर एकात्मिक लोकपाल योजनेखाली रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी ठरावीक मुदत आहे. फी नाही, वकील लागत नाही. संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. कागदी तक्रारी चंदीगडच्या केंद्रात जातात आणि त्या कोणत्याही भाषेत स्वीकारल्या जातात, म्हणजे मराठी पत्रही चालते. ग्राहक आयोगाचा मार्ग वेगळा, तिथे दोन वर्षांची मुदत आहे.

मात्र लोकपाल बँकेच्या व्यावसायिक निर्णयात हात घालत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आयसीआयसीआय बँकेने शहरी भागातील नव्या बचत खात्यांसाठी किमान सरासरी शिल्लक ५०,००० रुपये केली आणि टीका होताच काही दिवसांत १५,००० वर आणली. ही माघार लोकांच्या रोषामुळे घेतली गेली, त्यामागे नियामकाचा आदेश नव्हता. किमान शिल्लक किती असावी हे बँकाच ठरवतात, असे रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी तेव्हा स्पष्ट केले होते. म्हणून अर्जात ‘दंड फार आहे’ असे लिहिण्याऐवजी ‘महिन्याची सूचना मिळाली नाही’ किंवा ‘दंडाने खाते उणे झाले’ असे लिहावे. जिथे अटच जाचक वाटते, तिथे खाते मूलभूत बचत खात्यात बदलून मागावे. स्टेट बँकेने हा दंड २०२० मध्येच बंद केला होता, २०२५ च्या मध्यास कॅनरा, पंजाब नॅशनल, बडोदा अशा बँकांनीही तो सोडला. आपल्या खात्याला तो अजून लागतो का, हेही एकदा पाहावे.

लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे हिशेबाच्या वहीला हळदकुंकू वाहतात. घरात आता वहीच्या जागी पासबुक आहे, आणि कामाला येणाऱ्या मावशींच्या पिशवीतही एक असते. यंदा दोन्ही भरून आणावीत आणि शुल्काच्या ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारून वाचावीत. मावशींना अर्ज लिहिता येत नसेल, तर तो आपण लिहून द्यावा.