साचा फोडणारे गाव

मराठी माणूस तंजावरला जातो तो बहुधा आपल्या माणसांच्या खुणा शोधायला. व्यंकोजीराजांचा राजवाडा, सरस्वती महालातले मोडी कागद, बृहदीश्वराच्या भिंतींवर सर्फोजीराजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला लांबलचक मराठी शिलालेख. माझ्या संपादकांनाही तेच हवे होते. ते सगळे पाहून झाले, टिपणे काढून झाली, आणि मग कोल्हापूरच्या एका मित्राचे सांगणे आठवले. त्याची फाउंड्री आहे, पंपांचे आणि मोटारींचे सुटे भाग तो ओततो. म्हणाला होता, "तंजावरला चाललायस तर स्वामीमलै बघून ये. मूर्ती ओततात म्हणे. पैसा घालण्याजोगं काही असेल तर सांग." राजवाड्याचा लेख पुढे कधीतरी होईल. हा स्वामीमलैचा.

जिल्ह्याची कुठलीही पर्यटन पुस्तिका उघडा, या गावाची दोन ओळींत बोळवण केलेली असते: कावेरीकाठ, मुरुगनचे देऊळ, पंचधातूच्या मूर्ती. कुंभकोणमच्या पश्चिमेला सात-आठ किलोमीटरवर, तंजावरच्या रेल्वेमार्गावर, सात हजारांच्या आसपास वस्तीचे हे गाव. मुरुगनच्या, म्हणजे कार्तिकस्वामीच्या, सहा मुख्य स्थानांपैकी हे एक. मुलाने बापाला, म्हणजे प्रत्यक्ष शंकराला, प्रणवाचा अर्थ समजावून सांगितला तो इथे, म्हणून इथला देव स्वामिनाथन. मानवनिर्मित टेकडीवरच्या देवळाला साठ पायऱ्या आहेत आणि त्या साठ संवत्सरांच्या मानतात. आपल्याकडे कार्तिकस्वामीच्या दर्शनाला बायकांनी कधी जावे यावर अजूनही कुजबुज चालते. इथे सकाळच्या रांगेत गजरे माळलेल्या बायकाच अधिक.

इतिहासही थोडक्यात उरकतो. इथले मूर्तिकार म्हणजे स्थपती. आपले पूर्वज राजराज चोळाच्या बृहदीश्वरावर राबले, नंतर जवळच्याच दारासुरमच्या ऐरावतेश्वराचे काम केले, आणि नदीची माती हाताला मानवली म्हणून इथेच ठाण मांडून बसले, असे ते सांगतात. २०२३ च्या जी-२० परिषदेसाठी दिल्लीच्या भारत मंडपमपुढे २७ फुटी, १८ टनांचा अष्टधातूचा नटराज उभा राहिला, तो इथल्याच राधाकृष्णन स्थपती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात महिन्यांत घडवला. त्या वेळच्या सरकारी पत्रकात या घराण्याच्या चौतीस पिढ्या मोजल्या आहेत. इतक्या पिढ्यांचा कागदी पुरावा कोण मागणार? पण राजराजाच्या देवळात वाहिलेल्या धातुमूर्तींची यादी भिंतीवर कोरलेली आहे, मूर्तींच्या उंचीसकट, हे खरे. मूर्तीला माप असते, आणि ते लिहून ठेवायचे असते, ही शिस्त तेव्हाचीच.

त्या मापापासून सुरुवात करायला हवी, कारण माझा कोल्हापूरचा मित्र पहिला प्रश्न तोच विचारणार. इथे कामाला फूटपट्टी नाही. मूर्ती जेवढ्या उंचीची करायची, तेवढी नारळाच्या झावळीची एक पट्टी कापतात आणि तिच्या घड्या घालतात. दहा ताल, त्या तालांचे अंगुळे. उत्तम दशताल म्हणजे १२४ अंगुळे, ते शिवविष्णूंना. देवीला मध्यम दशताल, १२० अंगुळे. चेहरा किती, गळा किती, नाभीपासून गुडघ्यापर्यंत किती, सगळे त्या घड्यांत. मूर्ती वीतभर असो की पुरुषभर, पट्टी नवी पण घड्या त्याच. काम संपले की ती पट्टी केरात जाते. पुढच्या मूर्तीला पुढची झावळी.

मग मेण. मधाच्या पोळ्याचे मेण, राळ आणि शेंगदाण्याचे तेल एकत्र उकळून गाळतात. उन्हाळ्यात राळ जास्त, थंडीत तेल जास्त. हात, पाय, धड, प्रभावळ वेगवेगळी घडवून तापलेल्या लोखंडी सळईने सांधतात, आणि हवा तापली की अर्धवट मूर्ती पाण्याच्या घमेल्यात ठेवून देतात. दागिन्यांची नक्षी, बोटांची नखे, जटांचे पीळ, सगळे मेणातच. ही पद्धत कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने बाराव्या शतकात 'मानसोल्लासा'त बारकाईने नोंदवली आहे. आपल्याकडे तो ग्रंथ आठवतो तो खाद्यपदार्थांसाठी. मूर्ती ओतण्याची कृतीही त्याच पुस्तकात आहे याकडे स्वयंपाकघरातून बाहेर आल्याशिवाय लक्ष जात नाही. मेणाची मूर्ती आधी तोलायची आणि त्यावरून धातूचा हिशेब करायचा, हा नियम त्यात आहे आणि तो इथे रोज पाळला जातो. मेणाच्या साधारण आठ ते दहा पट धातू.

मी रेंगाळलो तो मात्र मातीपाशी.

कारखान्याच्या मागच्या पडवीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. वेष्टी गुडघ्यावर खोचलेली, कोपरापर्यंत हात राखाडी. त्यांना मूर्ती घडवता येत नाही, घडवायची इच्छाही नाही. ते फक्त लेप देतात. माझ्याबरोबर कुंभकोणमचे एक तंजावरी मराठी बोलणारे स्नेही होते, त्यांच्यामार्फत बोलणे चालले. समोर तीन ढीग. पहिला कावेरीच्या गाळाचा. पूर ओसरला की नदीच्या वळणावर जो अगदी बारीक थर राहतो, त्यालाच ते वंडल मण् म्हणतात. दुसरा भाताच्या खाचरातल्या चिकण मातीचा. तिसरा जाडसर वाळू मिसळलेल्या मातीचा. पहिल्या ढिगातली गोळी त्यांनी हातात घेतली, तिच्यावर अंगठा दाबला आणि माझ्यासमोर धरली. अंगठ्याची एकूण एक रेघ तीत उतरली होती. "सार, जी रेघ या मातीत बसते तीच धातूत येते. मातीत नाही बसली तर स्थपतीने मेणात कोरून काय उपयोग?"

तो पहिला लेप ताकाइतका पातळ असतो आणि तो बोटांनी, पिसाने, फुंकरीने मेणाच्या खाचाखोचांतून फिरवायचा असतो. डोळ्याच्या कडेशी हवेचा एक बुडबुडा राहिला तर देवाच्या डोळ्याशी धातूचा फोड येणार. लेप सावलीत सुकवायचा. उन्हात ठेवला तर बाहेरून तडकतो आणि आतून मेण ढळते. मग दुसरा लेप, मग तिसरा, मोठ्या मूर्तीला लोखंडी सळ्या आणि तारांचा पिंजरा. ऑक्टोबर ते डिसेंबर इकडे परतीचा पाऊस धो धो लागतो, तेव्हा लेप दिवसचे दिवस ओला राहतो आणि सगळा कारखाना या म्हाताऱ्यांच्या तोंडाकडे बघत बसतो. ते साच्यावर बोटाचे पेर ठोकतात, कान लावतात, आणि बहुधा नकारार्थी मान हलवतात. मालकाने घाई केलेली मी पाहिली. त्यांनी ऐकले नाही. साच्यात ओल राहिली आणि वर वितळलेला धातू पडला, तर वाफ साचा फोडून बाहेर येते. त्यांच्या पोटरीवर त्याची जुनी खूण आहे. ती दाखवली की मालक गप्प बसतात.

ओतकाम त्या मानाने झटपट. साचा गोवऱ्यांच्या आगीत तापवायचा, मेण भोकातून वाहून जाऊ द्यायचे, पोकळ साचा तोंड वर करून जमिनीत पुरायचा आणि मुशीतला धातू एका धारेत ओतायचा. धार तुटता कामा नये. तुटली तर पहिला धातू आणि नंतरचा धातू एकजीव होत नाहीत, सांध्याची रेघ राहते. मिश्रणात ८० टक्क्यांहून अधिक तांबे, उरलेल्यात बहुतेक पितळ आणि थोडे शिसे. सोने-चांदी नावापुरती, आणि ती बहुधा यजमान स्वतःच्या हाताने मुशीत टाकतात. मूर्ती भरीव. उत्सवाच्या पालखीतला देव पोकळ चालत नाही, अशी इथली परंपरा. आपल्या ओताऱ्यांच्या किंवा बस्तरच्या डोकऱ्याच्या पोकळ कामात मातीचा गाभा आत राहतो आणि धातू वाचतो. इथे त्या बचतीला जागाच नाही.

धातू निवला की साचा हातोड्याने फोडतात. मेण गेले, झावळी गेली, माती गेली. जे निघाले ते निघाले. पुढे छिन्नी आणि कानशीचे महिनोन्महिने काम. चोळकाळातल्या उत्तम मूर्तींना ओतल्यावर फारच थोडी छिन्नी लागली असे जाणकार मानतात, आणि आजच्या मूर्तींवर छिन्नीचा हात बराच अधिक फिरतो. माझ्या डोळ्यांना तो कधीकधी अती वाटला, दागिने टोचावेत इतके धारदार. पण गिऱ्हाइकाला आज झळाळी हवी असते, आणि झळाळी छिन्नीशिवाय येत नाही.

या हातांची ताकद किती, याचा दाखला या भागात आहे, आणि तो गौरवाचा नाही. कुंभकोणमजवळच्या शिवपुरम् गावी १९५१ मध्ये शेतात प्राचीन मूर्ती सापडल्या. त्यांतला दहाव्या शतकातला नटराज १९५४ मध्ये दुरुस्तीला गेला आणि देवळात परत आली ती हुबेहूब नक्कल. गावाने तिची पूजा सुरू केली. १९६५ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या डग्लस बॅरेट यांनी आपल्या पुस्तकात लिहिले की देवळातली मूर्ती अस्सल नाही, तेव्हा बोभाटा झाला. अस्सल नटराज १९७३ मध्ये अमेरिकेतले संग्राहक नॉर्टन सायमन यांनी जवळपास नऊ लाख डॉलरना घेतला. खटला, तडजोड होऊन तो १९८६ मध्ये भारतात आला. चोरी चोरीच. पण नक्कल करणाऱ्याचे काम कसबाच्या दृष्टीनेही पाहिल्याशिवाय राहवत नाही.

आणि तेव्हापासून या गावाच्या मागे संशय लागला आहे. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती देशाबाहेर नेता येत नाही, १९७२ चा कायदा तसा आहे. त्यामुळे सिंगापूरच्या किंवा अमेरिकेतल्या देवळासाठी परवाच ओतलेली मूर्तीही, ती पुरातन नाही असा पुरातत्त्व खात्याचा दाखला घेऊनच बंदरावर जाते. कायदा योग्यच आहे. तरी ज्याचा धंदा जुन्यासारखे दिसण्यावर चालतो त्याला आपले काम नवे असल्याचे सिद्ध करावे लागते, आणि यजमानाने तर प्राणप्रतिष्ठेचा मुहूर्त काढून ठेवलेला असतो.

अडचणींची यादी इथून लांबत जाते. मातीचीच घ्या. मेट्टूर धरणातून साधारण १२ जूनला पाणी सोडायची प्रथा आहे. ज्या वर्षी पाणी उशिरा येते त्या वर्षी गाळही उशिरा. १९३४ पासून ते धरण वरचा गाळ अडवते आहे. त्यात कावेरीच्या पात्रातून वाळूचा बेसुमार उपसा झाला, निर्बंध आले, आणि ट्रकभर वाळू चोरणारा आणि चार पोती गाळ मागणारा यांना एकाच नियमाखाली उभे राहावे लागते. म्हाताऱ्यांनी कोपऱ्यातली झाकून ठेवलेली पोती दाखवली. दुसरी कुठली माती चालत नाही का, असे विचारले तर ते हसले. चालते, म्हणाले, मग छिन्नी जास्त मारावी लागते.

तांब्याचा भाव लंडनच्या बाजारात ठरतो. देवळाचे विश्वस्त आगाऊ रक्कम देतात ती मूर्ती ठरवताना. ओतायला पाच-सहा महिने जातात, दरम्यान तांबे चढले की चढलेला फरक स्थपतीच्या खिशातून. आणि लेप देणारे? पडवीत त्यांच्या हाताखाली एकच मुलगा होता. पूर्वी विश्वकर्म्यांचीच मुले या कामात येत, आता इतर घरांतलीही येतात, हे चांगले झाले. पण यायचे ते मूर्ती घडवायला, मामल्लपुरमच्या सरकारी शिल्प महाविद्यालयाचे प्रमाणपत्र घ्यायला. मातीत हात घालायला कोण येणार? तिरुप्पूरच्या कापड कारखान्यात पंखा असतो आणि महिन्याचा पगार ठरलेला असतो.

आता मित्राच्या प्रश्नाचे उत्तर. पैसा घालायचा झाला तर तो दुसऱ्या प्रतीत घालावा लागतो: एक साचा, हजार नग. विमानाच्या इंजिनाची पाती आज जगभर मेण वितळवण्याच्या याच तत्त्वावर ओततात, पण तिथे मेणाची प्रतिकृती यंत्रातून निघते. इथे ती माणसाच्या हातून निघते आणि पहिल्याच ओतकामात वितळून जाते. वीज, पॉलिश, भट्टी, वाहतूक यांत भांडवल घाला, उपयोग होईल. नगांची संख्या मात्र त्याने वाढणार नाही. ती वाढवायचा एकच मार्ग आहे, आणि तो गावाला सापडलाही आहे. रबराच्या साच्यातून मेणाच्या छोट्या गणपती-लक्ष्म्या पाडायच्या आणि त्या ओतायच्या. स्वामीमलैच्या मूर्तींना भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे, पण काउंटरवर तो कुणी विचारत नाही आणि दुकानदार सांगत नाही. छोट्या मूर्तींच्या विक्रीवर मोठ्यांचा कारखाना तगतो, असे एका स्थपतींनी मला न लाजता सांगितले, आणि त्यांचे चुकते असे मला वाटले नाही.

तेव्हा जाणाऱ्यांसाठी एवढेच. जानेवारीनंतर जा, पाऊस सरलेला असतो आणि पडवीत लेप सुकत असतात. मोठी मूर्ती हवी असेल तर निम्मी रक्कम आगाऊ आणि सहा महिन्यांची तयारी ठेवा. दुकानातून वीतभर मूर्ती घेणार असाल तर त्याच देवाची, त्याच मापाची आणखी एक मागा आणि दोन्ही शेजारी ठेवा. कान, अंगठे, प्रभावळीच्या ज्वाळा मोजा. दोन्हींत केसाचाही फरक नसेल तर रबराच्या मूर्तीचा भाव करा, आणि पुष्कळ उतरवून करा.