दुखणं किती सोसायचं?

दिवाळीत अनारसे थापताना आपण जी खसखस पसरतो, ती ज्या झाडाचं बी, त्याच झाडाच्या बोंडाच्या चिकापासून अफू होते आणि अफूपासून मॉर्फिन. खसखस आपण कौतुकाने खातो. पण कॅन्सरच्या पेशंटसाठी डॉक्टरांनी मॉर्फिनचं नाव काढलं, की घरातल्यांचे चेहरे उतरतात. ‘म्हणजे आता आशा नाही का?’ ‘सवय लागली तर?’ हे प्रश्न ठरलेले. आणि पेशंट बाई असेल तर ती स्वतःच म्हणते, ‘राहू दे, सोसेन मी.’

मैत्रिणींनो, हे औषध काम कसं करतं ते कळलं, तर यातली निम्मी भीती जाईल.

डहाणूच्या किनाऱ्यावर मासळीची पाटी वाहणारी असो, घोलवडच्या चिकूवाडीत राबणारी असो, की तलासरीत भातलावणी करणारी, कामाच्या भरात पायाला लागलेलं कित्येकदा घरी आल्यावरच कळतं. कारण अशा वेळी शरीर स्वतःच वेदनाशामक तयार करतं. त्याला एन्डॉर्फिन म्हणतात. बाळंतपणाच्या कळांतही ते वाढतं. मेंदूत आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत त्याच्यासाठी जणू कुलपं बसवलेली असतात. ती म्हणजे ओपिऑइड रिसेप्टर. शास्त्रज्ञांना त्यांचा शोध १९७३ साली लागला. या कुलपात किल्ली बसली, की दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाताना क्षीण होतो. मॉर्फिनची किल्ली याच कुलपात बसते. पॅरासिटामॉलचा मार्ग वेगळा, म्हणून मोठ्या दुखण्यात ते एकटं पुरं पडत नाही.

ही कुलपं आतड्यातही असतात. म्हणून मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतोच. सोबत पोट साफ होण्याचं औषध मागून घ्या. श्वासावर ताबा ठेवणाऱ्या मेंदूच्या भागातही ती असतात, म्हणून जास्त मात्रा जीवघेणी ठरते. पूर्वी रडणाऱ्या तान्ह्याला अफू चाटवून निजवायचे, त्यात बाळं दगावायची ती याचमुळे. तेव्हा गोळ्या मुलांच्या हाताला लागू देऊ नका, एकाच्या दुसऱ्याला देऊ नका आणि मनाने डोस वाढवू नका.

मग सवयीचं काय? कॅन्सरच्या दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागणं विरळा. शरीराला त्याची सवय होते हे खरं, म्हणून ते एकदम बंद करायचं नसतं. डॉक्टर हळूहळू कमी करतात. आणि मॉर्फिन म्हणजे शेवट नव्हे. दुखणं जास्त असेल तर ते उपचार चालू असतानाही देतात. दुखणं थांबलं की माणूस जेवतो, झोपतो, चार शब्द बोलतो.

खरी अडचण आहे ती मिळण्याची. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यामुळे मॉर्फिन ठेवायला परवान्यांची जंत्री लागायची. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त रुग्णालयांसाठी वाट सोपी झाली, तरी ते साध्या मेडिकलच्या दुकानात मिळेलच असं नाही. डहाणू रोडपर्यंत मुंबईची लोकल २०१३ साली आली, पण परळचं टाटा रुग्णालय तिथून शंभराहून जास्त किलोमीटरवर आहे. तलासरीला तर रेल्वे स्टेशनच नाही. पाड्यावरून आधी जीप किंवा रिक्षाने डहाणू नाहीतर उंबरगाव गाठायचं. म्हणून निघतानाच विचारा: गोळ्या किती दिवस पुरतील? संपल्यावर जवळ कुठे मिळतील? मध्येच दुखलं तर काय करायचं? एवढा प्रवास करून आणलेली गोळी भीतीपोटी डब्यात पडून राहू नये.

आणि डॉक्टरांनी विचारलं, की ‘थोडंसं दुखतंय’ म्हणू नका. सोळा आण्यांपैकी किती आणे दुखतंय, गोळीनंतर किती उरलं, झोप लागते का, हे स्पष्ट सांगा. बारा आणे दुखणारीने चार आणे सांगितले, तर औषधही चार आण्यांचंच मिळणार!