नियंत्रित औषधे लिहून देण्याचा अधिकार

नियंत्रित औषधे लिहून देण्याचा अधिकार : (महाराष्ट्र). व्यसन किंवा गंभीर अपाय होण्याच्या संभवामुळे ज्यांच्या विक्रीवर कायद्याने बंधने घातली आहेत, अशी औषधे रुग्णास लिहून देण्याची मुभा कोणास असावी हे ठरविणारी व्यवस्था. अमेरिकेत १९७० च्या कायद्यान्वये अशी औषधे लिहून देणाऱ्यास केंद्रीय यंत्रणेकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. डॉक्टर नसलेल्या, परंतु औषधे लिहून देण्यास पात्र अशा परिचारिका इत्यादींसाठी १९९३ पासून नोंदणीचा वेगळा वर्ग आहे. भारतात अशी व्यक्तिगत नोंदणी नाही. व्यवसायीचे नाव कोणत्या नोंदवहीत आहे, यावरच येथे त्याचा अधिकार अवलंबून असतो.

औषध नियम, १९४५ मधील नियम २ (ईई) मध्ये ‘नोंदणीकृत वैद्यक व्यवसायी’ या संज्ञेची व्याख्या दिली आहे. आधुनिक वैद्यकाचे पदवीधर, दंतवैद्य आणि पशुवैद्य यांचा तीत समावेश होतो. याखेरीज राज्याच्या अन्य वैद्यक नोंदवहीतील व्यवसायींना राज्य शासन आदेशाद्वारे आधुनिक वैद्यकाचे व्यवसायी म्हणून घोषित करू शकते. मात्र होमिओपॅथीची नोंदवही त्यातून स्पष्टपणे वगळली आहे. परिशिष्ट ‘एच-१’ मधील (उदा., डायाझेपाम, कोडीन, ट्रॅमॅडॉल) औषधांच्या विक्रीची वेगळी नोंद औषधविक्रेत्यास तीन वर्षे जपावी लागते. परिशिष्ट ‘एक्स’ मधील औषधांसाठी चिठ्ठी दोन प्रतींत लागते व तिची एक प्रत विक्रेत्याकडे दोन वर्षे राहते.

महाराष्ट्र शासनाने १९९२ मध्ये या नियमाखाली महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ अन्वये नोंदलेल्या आयुर्वेदाच्या विशिष्ट वर्गांतील व्यवसायींना ही मान्यता दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये पंजाबमधील प्रकरणांत हा नियम वैध ठरविला. तथापि औषधे लिहून देण्याचा अधिकार त्या पद्धतीने व्यवसाय करण्याच्या अधिकारातून उद्भवतो, म्हणून राज्याच्या कायद्याचा आधार हवा, असे स्पष्ट केले. (अफू, भांग व बचनाग ही द्रव्ये आयुर्वेदास पूर्वापार परिचित आहेत, विषारी द्रव्यांच्या परिशिष्ट ‘ई-१’ मध्ये त्यांची नोंद आहे.)

होमिओपॅथीबाबतचा वाद अधिक तीव्र आहे. मुंबईतील एका प्रकरणात होमिओपॅथी पदविकाधारकाने आधुनिक औषधे देणे हाच निष्काळजीपणा होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटले होते. असे असूनही राज्याने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांना मर्यादित मुभा दिली. तिला उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले, आणि अशा व्यवसायींची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करण्याच्या निर्णयाविरुद्ध सप्टेंबर २०२५ मध्ये डॉक्टरांनी संप केला. एक वर्षाच्या अभ्यासक्रमास पदवीच्या तोलाचे मानणे प्रस्तुत लेखकास योग्य वाटत नाही. परंतु संप करणाऱ्यांपैकी किती जण खेड्यात जाण्यास राजी असतात, हा प्रश्नही टाळता येण्याजोगा नाही.

परिचारिकांची स्थिती निराळी आहे. उपकेंद्रातील कर्मचाऱ्यांना शासकीय कार्यक्रमातील औषधे परवान्याविना वाटता येतात, परंतु हा औषधे लिहून देण्याचा अधिकार नव्हे. राष्ट्रीय वैद्यक आयोग अधिनियम, २०१९ च्या कलम ३२ मध्ये मर्यादित परवानाधारक ‘समुदाय आरोग्य सेवादात्या’ची कल्पना आहे, त्याची स्वतंत्र मुभा प्राथमिक व प्रतिबंधक उपचारांतील विनिर्दिष्ट औषधांपुरतीच असते.

मॉर्फीन व तत्सम औषधांस गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ लागू होतो. या कायद्याच्या धाकाने आणि राज्योराज्यीच्या निरनिराळ्या परवान्यांमुळे रुग्णालये मॉर्फीन ठेवीनाशी झाली. २०१४ ची दुरुस्ती व २०१५ चे नियम यांनी मॉर्फीन, कोडीन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन व हायड्रोकोडोन ही सहा द्रव्ये ‘अत्यावश्यक’ ठरवून, राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिलेल्या वैद्यकीय संस्थांना ती ठेवण्याची एकच सुलभ वाट मोकळी केली. अशा संस्थेत वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असावा लागतो. म्हणजे येथे नोंदवहीतील नावाखेरीज संस्थेची मान्यताही आवश्यक ठरते.

यवतमाळसारख्या सोळा तालुक्यांच्या, विखुरलेल्या वस्तीच्या जिल्ह्यात याचा परिणाम थेट जाणवतो. झरी जामणी किंवा मारेगाव तालुक्यातील कोलाम पोडावर जवळचा व्यवसायी बहुधा आयुर्वेद पदवीधर किंवा उपकेंद्रातील परिचारिका असते. अंतिम अवस्थेतील कर्करोगाच्या रुग्णास ट्रॅमॅडॉलने वेदना आवरेनाशी झाली की त्याच्या नातेवाइकांना मॉर्फीनसाठी मान्यताप्राप्त संस्थेपर्यंत, प्रसंगी यवतमाळहून सुमारे १५० किमी. दूर असलेल्या नागपूरपर्यंत जावे लागते. चिठ्ठीवर मिळालेले औषध रुग्णास घरी बाळगता येते. मात्र ते संपताच नवी चिठ्ठी आणण्यासाठी तोच प्रवास पुन्हा करावा लागतो.