जुना ट्रेलर, नवा भार

जुना ट्रेलर घेऊन त्यावर मोटार वाहण्याची सोय करणाऱ्या गॅरेजवाल्या बांधवांना आम्ही सुचवितो की, वेल्डिंगपूर्वी वजनाचा हिशेब करावा. ट्रेलरची भारासह मर्यादा २००० किलो व स्वतःचे वजन ६०० किलो असेल, तर १४०० किलोच उरतात. ३ मि.मी. लोखंडी पत्रा चौरस मीटरला सुमारे २४ किलो भरतो. ८ चौरस मीटरला १९० किलो गेले! मोटार अशी उभी करावी की एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकवर येईल. भार मागे गेल्यास वेगात ट्रेलर झोकांड्या खातो. रचना बदलण्यास आर.टी.ओ.ची मंजुरी आधी घ्यावी. २०१९ च्या कायदा-दुरुस्तीने बेकायदा बदलास प्रत्येकी ५००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. गिऱ्हाइकाची मोटार आपल्याकडे अमानत असते.