सौर वाऱ्याची मोजणी

‘सौर वारा’ या शब्दाने मुलांचा हमखास गैरसमज होतो. वारा म्हटला की डोळ्यांपुढे येतात ती हलणारी पाने आणि उडणारी धूळ. सूर्याकडून वाहणारा हा वारा तसा नव्हे. तो मुख्यत्वे प्रोटॉन व इलेक्ट्रॉन या विद्युत्भारित कणांचा प्रवाह होय. त्याचा वेग दर सेकंदास सुमारे ३०० ते ८०० किलोमीटर. परंतु पृथ्वीजवळ त्याच्या एका घन सेंटिमीटरात साधारणतः पाचदहाच प्रोटॉन सापडतात. असला विरळ वारा पानही हलविणार नाही.

१९५८ साली यूजीन पार्कर यांनी हा वारा गणिताने मांडला, तेव्हा परीक्षकांनी तो लेख नाकारण्याजोगा ठरविला. संपादक सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनाही तो पटला नव्हता. तथापि गणितात चूक आढळेना, म्हणून त्यांनी तो छापला. १९६२ मध्ये शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ यानाने वाटेत हा वारा प्रत्यक्ष मोजला.

न दिसणारा कण मोजावा कसा? २ सप्टेंबर २०२३ रोजी सुटलेल्या भारताच्या आदित्य-एल१ यानावर अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने घडविलेले ‘आस्पेक्स’ हे उपकरण आहे. त्याच्या ‘स्विस’ नामक भागात दोन वक्र धातुपट्टांमधील अरुंद वाटेतून कण जातो व पट्टांवरील विद्युत्दाब त्याला वळवितो. ऊर्जा कमी असेल तर तो आतल्या पट्टावर आदळतो. अधिक असेल तर, वळणावर भरधाव सायकलस्वार बाहेर फेकला जावा तसा, बाहेरच्या पट्टावर. नेमक्या ऊर्जेचाच कण पार होतो व मोजला जातो. दाब टप्प्याटप्प्याने बदलीत निरनिराळ्या ऊर्जेच्या कणांची गणती होते. येथे चाळणीचा दृष्टान्त देण्याचा मोह शिक्षकांनी टाळावा. चाळणीतून बारीक ते सर्वच गळते, येथे मात्र एकाच मापाचे निवडले जाते.

नेहमीच्या प्रोटॉनची ऊर्जा सुमारे एक हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. सौरस्फोटात वेग पावलेले काही कण याच्या शेकडो, हजारो पट ऊर्जेचे असतात. त्यांच्यासाठी ‘स्टेप्स’ हा दुसरा भाग आहे. त्यातील सहा संवेदक निरनिराळ्या दिशांना रोखलेले असून, कण सिलिकॉनमध्ये शिरताच विजेचा स्पंद उमटतो. स्पंद जितका मोठा तितकी कणाने तेथे टाकलेली ऊर्जा अधिक.

ही उठाठेव कशासाठी, असे कोणी विचारील. १३ मार्च १९८९ रोजी सौर वादळामुळे कॅनडातील क्वेबेक प्रांतात सुमारे साठ लाख लोकांची वीज नऊ तास गेली होती. मे २०२४ च्या मोठ्या वादळात लडाखमधील हानले येथून आकाशात तांबूस प्रभा दिसली. त्या वेळी ‘आस्पेक्स’नेही वेगवान वारा व ऊर्जावान कण टिपले. आदित्य-एल१ पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या बाजूस आहे. तेथून ४०० किलोमीटर वेगाचा वारा पृथ्वीवर यावयास ३,७५० सेकंद, म्हणजे तासाहून किंचित अधिक वेळ घेतो. वेग दुप्पट झाल्यास सूचनेसाठी किती मिनिटे उरतील, हे उदाहरण सातवीच्या वर्गात फळ्यावर सोडवून घेता येईल. उत्तर ३१ मिनिटे १५ सेकंद.